मारहाणीच्या घरातलं मूल आणि ताब्याचा अर्ज

‘नवरा म्हणून वाईट असेल, पण बाप म्हणून चांगला आहे.’ मुलाच्या ताब्याच्या प्रकरणांत हे वाक्य नातेवाईक बोलतात, मध्यस्थ बोलतात, कधी आईसुद्धा बोलते. मुलाचं नुकसान तिथूनच सुरू होतं. आईवर हात उचलला जातो तेव्हा मूल शेजारच्या खोलीत जागं असतं. पुढे ते अंथरूण ओलं करतं, शाळेत बोलेनासं होतं, किंवा आईशी वडिलांच्याच भाषेत बोलू लागतं.

कायद्याला हे कळतं. पालक व पाल्य अधिनियम, १८९० चं कलम १७ मुलाच्या हिताबरोबर पालक होऊ पाहणाऱ्याचं चारित्र्यही बघायला सांगतं. एका प्रकरणात आईच्या मृत्यूबद्दल वडिलांवर फौजदारी खटला चालू होता, तरी खालच्या न्यायालयांनी ताबा त्यांनाच दिला. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली तो निकाल फिरवून मूल आजोळी ठेवलं. ‘गुन्हा अजून सिद्ध कुठे झालाय?’ ही सबब खरं तर तिथेच संपायला हवी होती.

तरीही ती चालते, याचं एक कारण बाईसाठी आपण लिहून देतो ते अर्ज. ‘सतत मारहाण करायचा, मुलावर वाईट परिणाम झाला’ एवढ्यावर न्यायाधीशांनी काय ठरवायचं? प्रत्येक घटनेखाली तारीख लिहा, मूल तेव्हा कुठे होतं, त्याने काय पाहिलं, दुसऱ्या दिवशी शाळेत गेलं का, ते लिहा. सरकारी दवाखान्याचा केसपेपर, पोलीस ठाण्यातली एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद), शाळेची हजेरी, बालरोगतज्ज्ञांची नोंद सोबत जोडा. मोबाइलवरचे मेसेज असतील तर ती प्रत कशी काढली हे सांगणारं, भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. मूळ फोन विकू नका.

कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करताना संरक्षण आणि पोटगी मागितली जाते, कलम २१ राहून जातं. या कलमाखाली मुलांचा तात्पुरता ताबा सुनावणीच्या कुठल्याही टप्प्यावर मागता येतो. बाई जीव वाचवून एकटीच बाहेर पडली असेल, तर कलम २३ खाली प्रतिज्ञापत्रावर लगेच अंतरिम आदेश मागा, गरज असेल तर एकतर्फी. सहा महिने गेले की ‘मूल इथे रुळलंय, शाळा बदलू नका’ हा युक्तिवाद उभा राहतो आणि तो बहुधा पटतो. कायमच्या ताब्यासाठी मात्र कौटुंबिक न्यायालयात, ते नसेल तिथे जिल्हा न्यायालयात जावं लागतं. एका न्यायालयातला अर्ज दुसऱ्यापासून लपवू नका. कमाई नाही म्हणून बाईने मागे हटायचं कारण नाही. मुलांचा खर्च हिंसाचार कायद्याच्याच कलम २० खाली मागता येतो, आणि विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळायला स्त्रीला उत्पन्नाची अट नाही.

आता भेटी. वेगळं राहू लागल्यावर त्रास संपला असं सगळे धरून चालतात. पण मूल देण्याघेण्याच्या निमित्ताने नवराबायको पुन्हा समोरासमोर येतात, आणि धमक्या, पाठलाग, मारहाण तिथे सुरू होते. ‘दर रविवारी वडिलांना भेटू द्यावे’ हा एका ओळीचा आदेश म्हणूनच फार धोक्याचा. भेटीची जागा मागून घ्या, शक्यतो कौटुंबिक न्यायालयातली मुलांची खोली. सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, मूल पोचवणाऱ्या तिसऱ्या माणसाचं नाव, दारू पिऊन आल्यास भेट रद्द, शाळेतून परस्पर न्यायचं नाही, परदेशी नेण्याची भीती असेल तर पासपोर्ट न्यायालयात जमा, हे सगळं आदेशात शब्दांत आलं पाहिजे. भेटच मुलाच्या हिताला घातक आहे असं दंडाधिकाऱ्यांचं मत झालं, तर हिंसाचार कायद्याच्या कलम २१ च्या परंतुकानुसार (कलमाला जोडलेल्या अटीनुसार) त्यांनी ती नाकारलीच पाहिजे. मात्र आदेश झाल्यावर आईने आपल्या मनाने भेट बंद करू नये. ‘ती मुलाला बापापासून तोडतेय’ हा आरोप मग तिच्यावर चिकटतो. काय घडलं ते लिहून आदेश बदलण्याचा अर्ज त्याच दिवशी द्या.

मुलाशी न्यायाधीश बहुधा चेंबरमध्ये एकट्यानेच बोलतात. पढवलेलं मूल मोठ्यांचे शब्द वापरतं आणि ते लगेच लक्षात येतं. त्याला काहीही शिकवू नका. खरं सांग, आणि कोणाकडे राहायचं हे ठरवण्याचा भार तुझ्यावर नाही, एवढंच त्याला सांगा.

समझोत्याचा कागद पुढे आला की सही करण्याआधी एक ओळ शोधा: ‘सर्व आरोप गैरसमजातून केले होते.’ पुढे ताबा मागताना हीच ओळ बाईला वाचून दाखवली जाते. ती खोडायला लावा, मगच सही करू द्या.