रुमालातला इतिहास कोण वाचणार?

(लाल कापडाचा रुमाल. गाठ सोडणारे हात.)

आधी गाठ सुटते. मग कापडाचे चारही कोपरे बाजूला होतात आणि आतली पुडकी दिसू लागतात. घड्या घातलेले, कडा काळवंडलेले कागद. दप्तरखान्यात या गाठोड्याला रुमाल म्हणतात. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे हजारो रुमाल आहेत.

गाठ सोडणारी मुलगी इतिहासात एम.ए. करते आहे. बी.ए.ला तिने मराठ्यांचा इतिहास शिकला, फ्रेंच राज्यक्रांती शिकली, आधुनिक चीन आणि जपानही शिकला. पदवी मिळेपर्यंत एकही मूळ कागद तिच्या हाताखालून गेला नव्हता. आपल्याकडे इतिहास शिकणाऱ्या बहुतेक मुलांचं असंच होतं.

(कागदाच्या शेवटच्या ओळी, जवळून.)

कागद हातात आला की मजकुराची घाई करायची नाही. आधी तारीख.

बोट ठेवलंय तिथे लिहिलंय, ‘सु॥ इसन्ने सबैन मया व अलफ’. आकडे अरबी, लिपी मोडी, आणि वाचायचं एककापासून. इसन्ने म्हणजे दोन. सबैन सत्तर. मया शंभर. अलफ हजार. झाले ११७२. सु॥ म्हणजे शुहूर सन. मृग लागला की याचं वर्ष पालटतं, म्हणून शेतसाऱ्याच्या हिशेबाला हाच सन सोयीचा. इसवी सन काढायचा तर यात ५९९ मिळवायचे. तारीख जानेवारी ते मृग यांमधली असेल तर ६००.

आता पुढचं. ‘छ १४ रजब’. छ म्हणजे चंद्र. वर्ष सूर्याच्या चालीने आणि महिना हिजरी, अशी ही जोड आहे. जंत्री म्हणजे तारखा जुळवायची कोष्टकं उघडायची, रजब कुठे पडतो ते बघायचं. उत्तर येतं १७७१ चा ऑक्टोबर, कोजागिरीच्या आसपासचे दिवस. पेशवेपदावर थोरले माधवराव आहेत. त्याच वर्षी दिल्ली मराठ्यांच्या ताब्यात आली आहे आणि शाह आलम बादशहा अजून तिथे पोचायचा आहे.

‘सबैन’च्या जागी ‘तिसैन’ वाचलं असतं तर? सत्तरचे नव्वद झाले असते. हाच कागद वीस वर्षं पुढे सरकून सवाई माधवरावांच्या अमदानीत, नाना फडणिसांच्या कारभारात जाऊन पडला असता. त्यावर उभा केलेला सगळा युक्तिवाद कोसळला असता. म्हणून ती तारीख दोनदा वाचते. तिसऱ्यांदाही वाचते.

मजकूर साधा आहे. वसुलीत सूट द्यावी, अशी एका गावची विनंती.

(बोरू, दौत, वर्गातला फळा.)

आता अक्षराकडे बघा. मोडी लिहिणारा आधी ओळभर शिरोरेघ ओढतो आणि मग अक्षरं तिला टांगत जातो. बोरू शक्यतो उचलायचा नाही, म्हणून एक अक्षर वळून दुसऱ्यात शिरतं. ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. शब्द कुठे तोडायचा ते वाचणाऱ्याने संदर्भावरून ठरवायचं. शिवकालीन मोडीचं वळण वेगळं, पेशवेकालीन वेगळं. इंग्रजी अमदानीत बोरू जाऊन टाक आला, तेव्हा अक्षर पुन्हा बदललं. एका वळणाला डोळा सरावला म्हणून दुसरं वाचता येईलच असं नाही.

वर्णमाला पाठ व्हायला काही दिवस पुरतात. कागद वाचता यायला मात्र रोजची बैठक लागते. ‘राजश्री’, ‘मौजे’, ‘परगणे’, ‘बहुत काय लिहिणे’ हे नेहमीचे शब्द आधी चित्रासारखे ओळखू येतात, आणि त्यांच्या आधाराने मधला मजकूर सुटू लागतो.

(जुने छापील खंड, पिवळी पानं.)

ही वाट नवी नाही. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडून कागद गोळा करत होते. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा त्यांचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, पुढे त्याचे २२ खंड झाले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. तिथेच गणेश हरि खरे यांनी फार्सी कागदांवर काम केलं. आदिलशाही फर्मानं कळल्याशिवाय शिवकाल कळत नाही, हे त्यांनी कामातून दाखवलं.

‘सिलेक्शन्स फ्रॉम द पेशवा दफ्तर’चे हे ४५ भाग गोविंद सखाराम सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातून निवडून काढले, १९३० ते १९३४ या काळात. काम अफाट आहे. पण शेवटी ती निवड आहे. स्वाऱ्या, तह, दरबारी राजकारण यांवर तिचा भर आहे, कारण तेव्हाच्या अभ्यासकांचे प्रश्न ते होते. आजच्या मुलीला विचारायचंय की बटकी आणि कुणबिणी, म्हणजे गुलाम बायका, कितीला विकल्या जात, पाटाच्या पाण्यावरून भांडण झालं की निवाडा कोण करी, दुष्काळात गाव उठून कुठे जाई. याची उत्तरं न छापलेल्या रुमालांत शोधावी लागतात.

(पणजी. चामडी बांधणीचं पुस्तक, शाईने खाल्लेलं पान.)

हे पान गोव्यातलं. भाषा पोर्तुगीज. जुन्या शाईत लोहाचा अंश असतो. ती हळूहळू कागद खाते, आणि अक्षराच्या जागी अक्षराच्याच आकाराचं भोक उरतं. उजेडासमोर धरलं की दिसतं, असं.

गोव्याचं दप्तर १५९५ पासूनचं. दियोगु दु कोतु हा त्याचा पहिला रखवालदार, स्वतः इतिहासकार. मोसमी वाऱ्यांवर जहाजं निघत, त्यांच्याबरोबर गोवा आणि लिस्बन यांच्यात जी पत्रं जात-येत, त्यांची ही बांधीव पुस्तकं. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी आयुष्य या कागदांत घातलं. मराठे आणि पोर्तुगीज यांच्या संबंधांबद्दल आज आपण जे ठामपणे बोलतो, त्यातलं पुष्कळसं त्यांनी वाचून ठेवलं म्हणून. संभाजी महाराजांच्या गोव्यावरच्या स्वारीवर लिहायचं आणि पोर्तुगीज बाजू इंग्रजी भाषांतरातून घ्यायची, हे एम.ए.च्या पातळीवर चालवून घेऊ नये.

(तंजावर. बृहदीश्वराच्या भिंतीवरून सरकणारा कॅमेरा.)

आणि हे तंजावर. देऊळ राजराज चोळाचं, १०१० च्या सुमाराला पुरं झालेलं. जोत्यावर तमिळ लेख: कोणी काय दान दिलं, दिव्याला तूप किती, नाचणाऱ्या बायका कुठल्या गावच्या. कॅमेरा पुढे सरकतो आणि अचानक आपल्याला वाचता येऊ लागतं. देवनागरी. मराठी. भोसले घराण्याची हकिकत, सरफोजी राजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेली.

एकाच देवळात आठशे वर्षांच्या अंतरावरचे दोन लेख आहेत. मराठी विद्यार्थी दुसरा वाचतो आणि पहिल्यापाशी अडतो. तमिळ विद्यार्थ्याचं उलट होतं. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी राजे यांच्यापासून १८५५ पर्यंत इथल्या गादीवर असलेल्या भोसल्यांचे मोडी कागद याच शहरात आहेत. ते वाचायला मोडी हवी आणि समजायला कावेरीकाठची शेती कळायला हवी. दोन विद्यापीठांतली दोन मुलं एका टेबलाशी बसली तरच हे काम पुढे सरकेल, असं आम्हाला वाटतं.

(मोडीचा वर्ग.)

शासनाचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, काही विद्यापीठांत प्रमाणपत्र अभ्यासक्रमही आहेत. पण पदवीच्या मुख्य वाटेवर मोडी सहसा भेटत नाही. १९५० नंतर ती शाळेतून गेली. घरात मोडी लिहिणारे आजोबाही आता राहिले नाहीत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायच्या होत्या, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. इकडे कागद झिजताहेत.

मागणी अवघड नाही. मराठ्यांचा इतिहास घेणाऱ्याला मोडी, मध्ययुग घेणाऱ्याला फार्सी, गोवा घेणाऱ्याला पोर्तुगीज हा मुख्य पेपर असावा. परीक्षेत पूर्वी न पाहिलेल्या कागदाची प्रत समोर ठेवावी. तारीख काढायला गुण, लिप्यंतराला गुण, आणि या कागदावरून काय सांगता येतं व काय सांगता येत नाही, हे लिहायला सगळ्यांत जास्त गुण. त्या पेपरात गाइड उपयोगी पडत नाही.