मिरज जंक्शन: गाण्यासाठी केलेले प्रवास

पुण्याहून दक्षिणेकडे निघालेली गाडी सातारा, कराड, सांगली मागे टाकत मिरजेला येऊन थांबते. कोल्हापूर, पंढरपूर आणि बेळगाव अशा तीन दिशांना येथून फाटे फुटतात. एके काळी मीटरगेज, नॅरोगेज आणि ब्रॉडगेज अशा तिन्ही रुंदींचे रूळ या एकाच स्थानकात येऊन मिळत, त्यामुळे गाडी बदलण्यासाठी मिरजेत उतरणे कित्येकांना भागच होते. मात्र मुद्दाम मिरजेपर्यंतचेच तिकीट काढून येणाऱ्यांमध्ये प्रामुख्याने दोन प्रकारचे लोक असत. पहिले रुग्ण; कारण विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली येथे सुरू केलेल्या रुग्णालयाची कीर्ती दूरवर पोहोचली होती. आणि दुसरे, गाण्याच्या वेडापायी आलेले. हे निवेदन त्या दुसऱ्या प्रवाशांविषयी आहे. तसे पाहता या गावात समुद्रकिनारा नाही, थंड हवा नाही, सहलीच्या माहितीपत्रकावर छापावा असा देखावाही नाही. तरीही दीडशेहून अधिक वर्षे संगीताशी संबंध असलेली माणसे येथे येत राहिली आहेत, आणि ती का येतात हे पाहिले म्हणजे संगीत माणसाला घराबाहेर कसे काढते याचा बराच उलगडा होतो.

रुग्ण आणि गायक हे दोन प्रवासी कधी कधी एकच असत. विष्णु दिगंबर पलुस्कर यांचा जन्म 1872 सालचा, मिरजेजवळच्या कुरुंदवाडचा. लहानपणी फटाक्याच्या दारूने त्यांच्या डोळ्यांना इजा झाली आणि उपचारांसाठी त्यांना मिरजेला आणण्यात आले. दृष्टी पूर्णपणे परत आली नाही, शालेय शिक्षण थांबले, आणि मिरजेतच असलेल्या बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांची तालीम सुरू झाली. डोळ्यांच्या औषधासाठी आलेला मुलगा 1896 साली गाव सोडून निघाला तो गायक होऊन, आणि 1901 मध्ये त्याने थेट लाहोरला गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली.

ज्यांच्यापाशी पलुस्कर शिकले, ते बाळकृष्णबुवा स्वतःच एका लांबच्या प्रवासाचे फलित होते. दक्षिण महाराष्ट्रातला हा तरुण गाणे शिकण्याच्या ध्यासाने घर सोडून मजल दरमजल करत ग्वाल्हेरला पोहोचला आणि वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे राहून त्याने त्या घराण्याची विद्या मिळवली. गुरूच्या घरी पडेल ते काम करावे, गुरूची मर्जी सांभाळावी आणि मिळेल तेवढे गाणे कानात साठवावे, अशी ती रीत होती. ख्याल कागदावर लिहून टपालाने पाठवता येत नव्हता; तो ज्याच्या गळ्यात होता त्याच्या दाराशी जाऊन बसण्याखेरीज दुसरा मार्ग नव्हता. महाराष्ट्रात ग्वाल्हेर गायकीचा जो विस्तार पुढे झाला, त्यातला फार मोठा भाग या एका माणसाच्या येण्याजाण्यातून झाला आहे.

मिरजेला सर्वाधिक ओळख मिळवून दिली ती मात्र उत्तरेतून आलेल्या एका गायकाने. अब्दुल करीम खाँ हे उत्तर प्रदेशातील कैराना या गावचे. बडोद्याच्या दरबारात काही काळ काढून ते पुढे मिरजेत स्थिरावले. मिरजेत असे सांगितले जाते, की प्लेगच्या दिवसांत ते आजारी पडले, ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांनी गाऊन सेवा केली, त्यांना बरे वाटले आणि म्हणून त्यांनी हे गाव आपले मानले. श्रद्धेच्या या कथेकडे कोणी कसेही पाहावे. पण त्यांची कन्या हिराबाई बडोदेकर यांचा जन्म 1905 साली मिरजेतच झाला, आणि खाँसाहेबांच्या गायकीचे, म्हणजे किराणा घराण्याचे, नाव कैरानापेक्षा या परिसराशी अधिक जोडले गेले, हे निर्विवाद आहे. 27 ऑक्टोबर 1937 रोजी, मद्रासहून पाँडिचेरीकडे जात असताना, खाँसाहेबांना वाटेत अस्वस्थ वाटू लागले. सिंगपेरुमाळ कोइल नावाच्या लहानशा स्थानकावर ते उतरले आणि तेथेच त्यांचा अंत झाला. त्यांना मिरजेत आणून दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आले. दरवर्षी उरुसाच्या काळात याच आवारात, चिंचेच्या झाडाखाली, त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते. तेथे गायला येणारे कलावंत ही हजेरी मानतात, आणि हा शब्द येथे औपचारिक नाही: मैफलीचे निमंत्रण स्वीकारणे वेगळे आणि दर्ग्यात हजेरी लावणे वेगळे, हे येणाऱ्याला नीट ठाऊक असते.

दर्ग्यापासून आता आपण सतारमेकरांच्या गल्लीकडे वळू. येथे सांगायचे पुष्कळ आहे आणि घाई करण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मिरजेत शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे आणि ती दुरुस्त करणारे कारागीर होते. शस्त्रांची मागणी ओसरली तेव्हा त्यांच्यातील फरीदसाहेब यांनी वाद्ये दुरुस्त करण्यास आणि पुढे नवी घडवण्यास आरंभ केला. संस्थानिक पटवर्धनांचा या कलेला आश्रय लाभला, आणि शिकलगारांचे आडनाव हळूहळू सतारमेकर झाले. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पण संगीतकारांच्या लेखी ते मानांकन पिढ्यान्‌पिढ्या आधीच देऊन झालेले होते.

तंबोऱ्याचा भोपळा स्वयंपाकघरातला नव्हे. जाड सालीचा, कडू जातीचा हा भोपळा प्रामुख्याने पंढरपूर आणि मंगळवेढा परिसरातील भीमाकाठच्या शेतांतून येतो. तो वेलीवरच पूर्ण पिकू द्यावा लागतो आणि नंतर दीर्घकाळ वाळवावा लागतो. अशा भोपळ्यांच्या राशीतून कारागीर एकेक उचलतो, बोटाने टिचकी मारून पाहतो आणि बाजूला ठेवतो. पुरुष गायकासाठी मोठ्या घेराचा, स्त्री गायिकेसाठी तुलनेने लहान, अशी निवड होते, कारण तंबोरा ज्या पट्टीत लागणार त्या पट्टीला तो घेर साजेसा असावा लागतो. मग तून लाकडाची दांडी जोडली जाते, भोपळ्याच्या कापलेल्या तोंडावर तबली, म्हणजे लाकडी झाकण, बसवली जाते, खुंट्या बसतात, नक्षी होते, पॉलिश होते. येथवरचे काम पाहून कोणासही वाटेल, की फोन करून मागणी नोंदवावी आणि वाद्य घरपोच मागवावे. पुष्कळ लोक तसे करतातही.

पण गायक स्वतः येतो तो जवारीसाठी. तबलीवर जी रुंद घोडी असते, तिचा वरचा पृष्ठभाग कानशीने इतका नाजूक उतार देऊन घासलेला असतो, की छेडलेली तार त्या पृष्ठभागाला निसटता स्पर्श करत राहते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवून तो स्पर्श नेमका साधला, की एका तारेतून अनेक स्वरांचा झंकार उमटू लागतो. गायक ज्याला तंबोरा ‘बोलतो’ असे म्हणतात, ते हेच. दोरा केसभर पुढे गेला तर आवाज चिरका होतो आणि केसभर मागे राहिला तर मुका. कोणाला मोकळी, खुली जवारी आवडते, कोणाला गोल आणि बंद; आणि ही आवड ज्या शब्दांत सांगावी ते शब्द अपुरे पडतात. म्हणून गायक जमिनीवर बसतो, कारागीर कानशीचे दोन हात मारतो, तारा पुन्हा चढवतो, गायक षड्ज, म्हणजे ‘सा’, लावून पाहतो, मान हलवतो, आणि पुन्हा तारा उतरतात. ही बोलणी सुरांमध्ये होतात. यात कधी संपूर्ण दुपार जाते. शिवाय वापरामुळे तारेखाली घोडीला चर पडते आणि जवारी बिघडते, त्यामुळे एकदा येऊन गेलेल्या माणसाला पुन्हा यावे लागते, नाहीतर कारागिराला आपल्या गावी बोलवावे लागते. मोबाइलमध्ये तंबोऱ्याचा आवाज अगदी फुकट मिळण्याच्या या काळात एवढी खटपट कशासाठी, असा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांनी जवारी लावलेल्या तंबोऱ्यांच्या जोडीच्या मधोमध एकदा तरी बसून पाहावे, एवढेच सुचवता येईल.

मिरजेहून हाच लोहमार्ग पुढे बेळगाव, धारवाड, हुबळी असा जातो आणि हुबळीच्या पुढे वीसेक किलोमीटरवर कुंदगोळ हे छोटे स्थानक लागते. मुंबई-पुण्याचे कलावंत म्हैसूरच्या दरबारात जाता-येता या मार्गावरील गावांत मुक्काम करत, आणि त्यातून कन्नड मुलखात हिंदुस्थानी संगीत रुजले. अब्दुल करीम खाँ यांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, मराठी रंगभूमी गाजवून अखेर या आपल्या गावी परतले. गंगूबाई हंगल हुबळीहून रेल्वेने कुंदगोळला तालमीसाठी येत आणि धडा घेऊन परतत. आज तो प्रवास अर्ध्या-पाऊण तासाचा वाटतो. पण त्या काळात संसार सांभाळणाऱ्या एका स्त्रीने गाणे शिकण्यासाठी एकटीने रोजची गाडी धरणे याचे मोल अंतराच्या आकड्यात कळणार नाही.

याच कुंदगोळला पोहोचायला एका मुलाला तीन वर्षे लागली. गदगचा भीमसेन जोशी अकरा वर्षांचा असताना त्याच्या कानांवर अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतील ठुमरी पडली, तीही दुकानात वाजणाऱ्या ध्वनिमुद्रिकेतून. असे गाणे आपल्याला यायला हवे, एवढ्या एकाच कारणासाठी त्याने 1933 साली घर सोडले. खिशात पैसे नव्हते. तिकीट न काढता गाडीत बसावे, प्रवाशांना अभंग-भजने ऐकवून दोन घास मिळवावेत, पकडले गेल्यास तपासनिसालाही गाणे ऐकवावे, असे करत तो विजापूर, पुणे करत ग्वाल्हेरला गेला, पुढे कलकत्ता, दिल्ली, रामपूर पालथे घालत जालंधरला पोहोचला. तेथे गायक विनायकबुवा पटवर्धनांनी त्याला विचारले, की सवाई गंधर्व तुझ्या घराजवळ असताना तू इतक्या दूर काय करतोस? गदग ते कुंदगोळ हे अंतर शंभर किलोमीटरदेखील नाही. 1936 मध्ये तालीम सुरू झाली.

ध्वनिमुद्रण आले म्हणजे माणसे घरबसल्या ऐकतील आणि गाण्यासाठी कोणी पायपीट करणार नाही, असा समज तेव्हाही होता आणि आजही आहे. या मुलाच्या बाबतीत त्याच्या नेमके उलटे घडले. तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकडीने त्याची भूक भागवली नाही, ती चाळवली. आज एखाद्या गायकाचे चित्रफितीतले गाणे ऐकून दुसऱ्या शहरातील मैफलीचे तिकीट काढणारा श्रोता, आपल्या परीने, तेच करत असतो. फरक एवढाच, की त्याच्या हाती परतीचे आरक्षण असते.

सवाई गंधर्वांचे 1952 मध्ये निधन झाले. 1953 पासून पुण्यात आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या वतीने त्यांच्या स्मरणार्थ महोत्सव सुरू झाला, आणि भीमसेनजींनी अनेक दशके तो स्वतः उभा केला. 2011 साली त्यांच्या निधनानंतर महोत्सवाच्या नावात त्यांचेही नाव जोडले गेले. कुंदगोळलाही नाडगीर वाड्यात सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ संगीतोत्सव होतो, पण श्रोत्यांचे सर्वांत मोठे स्थलांतर घडते ते डिसेंबरात, पुण्याच्या दिशेने. कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, नाशिक, नागपूर, गोवा येथून आणि परदेशांतूनही लोक येतात. मांडवात भारतीय बैठकीवर सतरंजी अंथरून, स्वेटर आणि शाली घेऊन बसलेल्या या समुदायात वर्षानुवर्षे एकमेकांच्या शेजारी बसणारी, पण एकमेकांचे पूर्ण नाव कदाचित ठाऊक नसलेली माणसे असतात. गाण्यात चांगली जागा आली की शेजाऱ्याची दाद आपल्या दादेबरोबर निघते, आणि ती ऐकून गायक तीच जागा पुन्हा, थोडी वेगळी करून घेतो. मोबाइलवर ऐकणाऱ्याच्या दादेने गाणे बदलत नाही.

पूर्वी हा महोत्सव रात्रभर चाले. रमणबाग प्रशालेच्या मैदानावर संध्याकाळी सुरू झालेले गाणे उजाडेपर्यंत जाई, आणि मालकंस, दरबारी, ललत, भैरव हे राग आपापल्या प्रहरी ऐकायला मिळत. बाहेरगावच्या श्रोत्याच्या दृष्टीने याचा एक व्यावहारिक लाभ होता, ज्याकडे सहसा लक्ष जात नाही. त्याला रात्रीच्या मुक्कामाची चिंता नव्हती. मांडव हाच मुक्काम होता. संध्याकाळच्या गाडीने यावे आणि भैरवी ऐकून सकाळच्या गाडीने परतावे, हे बेताच्या उत्पन्नाच्या शिक्षकालाही परवडत होते. 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम लागू झाले, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करणे बंधनकारक ठरले, आणि महोत्सवाला आपले वेळापत्रक दुपार-संध्याकाळकडे सरकवावे लागले. परिसरातील रहिवाशांची झोप हा काही क्षुल्लक प्रश्न नाही, त्यामुळे नियमाला दोष देता येत नाही. पण महोत्सवाचे दिवस वाढले आणि प्रत्येक दिवसामागे एका रात्रीच्या खोलीचे भाडे आले. पुण्यात नातेवाईक नसलेल्या, खोलीचे भाडे न परवडणाऱ्या श्रोत्याला आता पूर्ण महोत्सवाऐवजी एखादाच दिवस निवडावा लागतो. अशा श्रोत्याची पसंती बहुधा शनिवारला असते, कारण विशेष परवानगीमुळे त्या एका दिवशी गाणे रात्री बारापर्यंत चालू शकते, आणि उत्तररात्रीचे नाहीत तरी निदान मध्यरात्रीपर्यंतचे राग त्याच्या पदरात पडतात.