‘नारळ दिला’ म्हणे, मग पूजा कधी होती?

(हातात नारळ घेऊन)

हा नारळ मी तुम्हाला दिला तर तुम्ही थँक्यू म्हणाल, पण ऑफिसनं कोणाला नारळ दिला म्हटलं की कळतं, गेली नोकरी. आमच्या वरच्या खोलीत चेन्नईचा एक पोरगा भाड्यानं राहतो, मराठी शिकून राहिला बिचारा, त्याला मी सांगितलं की अरे त्या अमक्याला नारळ दिला, तर तो म्हणे पूजा कधी होती? हसून हसून पोट दुखलं माझं. पण मग त्यानं विचारलं, दोघांना काढलं तर ‘दोन नारळ दिले’ म्हणायचं का? तिथं माझी बोलती बंद.

नाही न बे! दोन म्हटलं की खरेच नारळ दिसतात पिशवीत. ‘दोघांना नारळ दिला’, असंच. ‘नारळ मिळाला’ चालतं, ‘शहाळं दिलं’ अजिबात नाही. काऊन? शाळेत वाक्प्रचाराचा अर्थ मार्कांसाठी पाठ केला, पण त्याला कुठं हात लावायचा अन् कुठं नाही, हे कोणत्याच बाईंनी शिकवलं नाही.

अँड्र्यू पॉली आणि फ्रान्सेस सायडर या भाषेच्या दोन अभ्यासकांनी 1983 मध्ये हेच कोडं मांडलं, की व्याकरणात बसणारी वाक्यं तर ढीगभर बनतात, पण घरची भाषा बोलणारा त्यातली मोजकीच बोलतो, मग त्याला कळतं कसं? त्यांचं म्हणणं, डोक्यात तयार तुकड्यांचा प्रचंड साठा असतो, म्हणून तर आपण न अडखळता भडाभडा बोलतो.

आणि यातल्या बऱ्याच तुकड्यांत एखादी जागा मोकळी असते बरं. आपली नागपूरची मारबत घ्या न, वाईट ते सारं घेऊन जा म्हणत मिरवणुकीनं काढतात तो मोठा पुतळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालात उभे राहा, ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत!’ शेपटाला कोणी हात लावत नाही, पण आधी रोगराई टाका, महागाई टाका, काहीही. काळी मारबत 1881 पासून निघते म्हणतात, तेव्हा कुठलं आलं पेट्रोल, तरी ‘पेट्रोलचे भाव घेऊन जा गे मारबत’ गर्दीतल्या लहान पोरालाही जमतं. ‘मारबत, कृपया महागाई ने’ असं ओरडून बघा, लोक वळून पाहतील.

तो पोरगा एकदा आमच्याकडे जेवला अन् निघताना ‘जातो काकू’ म्हणाला. आई म्हणे, जातो नाही म्हणू रे बाबू, येतो म्हणावं. आता तर इतका पक्का झालाय की फोनवर ‘येऊन राहिलो, येऊन राहिलो’ म्हणतो, अन् आंघोळ व्हायचीच असते त्याची.