साबण कुठं हरतो, ते दाखवा

(कोल्हापुरात माध्यमिक विज्ञान शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

साबणाचा धडा आला की आपण वर्गात साबण करून दाखवतो. मुलं गोळा हातात घेतात, वास घेतात, तास संपतो. पण साबण तयार झाला म्हणून त्याचा रेणू समजला असं होत नाही. तो समजतो साबण जिथं निकामी होतो तिथं: मिठात, आम्लात आणि जड पाण्यात, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असलेल्या पाण्यात. तेव्हा एक तासिका करण्याला द्या आणि एक त्याला हरवण्याला.

करण्याचं आधी उरकू. ५ ग्रॅम शेंगतेल, ५ मिली स्पिरिट आणि २० टक्के कॉस्टिकचं (सोडियम हायड्रॉक्साइडचं) १० मिली द्रावण एका चंचुपात्रात घ्या. मोठ्या भांड्यात पाणी उकळा, ज्योत विझवा आणि मगच चंचुपात्र त्यात ठेवून १५-२० मिनिटं ढवळा. पाणी निवलं तर बदला. तेल आणि कॉस्टिकचं पाणी एकमेकांत मिसळत नाहीत; स्पिरिट त्यांना जवळ आणतं, म्हणून तासिकेत काम उरकतं. पण स्पिरिटची वाफ पेट घेते, त्यामुळे शेजारी ज्योत नको. द्रावण करताना कॉस्टिक पाण्यात टाकायचा, कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही. डोळ्यांना चष्मा हवाच. अॅल्युमिनियमचं पातेलं वापरू नका; कॉस्टिक ते खातो आणि हायड्रोजन सुटतो.

हिशेब फळ्यावर मांडा. १ ग्रॅम शेंगतेलाला साधारण ०.१३६ ग्रॅम कॉस्टिक लागतो, म्हणजे ५ ग्रॅमला ०.६८. आपण घातला २ ग्रॅम, जवळपास तिप्पट, निव्वळ घाईसाठी. म्हणून हा साबण कुणी अंगाला लावायचा नाही. एवढं करूनही तेल वर तरंगत राहिलं, तर कॉस्टिकची बाटली बघा. झाकण सैल राहिलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कॉस्टिकचा धुण्याचा सोडा होत जातो, आणि सोड्यानं तेलाचा साबण होत नाही.

आता मीठ. १०० मिली पाण्यात ३६ ग्रॅम मीठ विरघळवा आणि त्यातल्या ५० मिलीत गरम मिश्रण ओता. साबण पांढरा होऊन वर येतो. ग्लिसरीन आणि उरलेला कॉस्टिक खाली पाण्यात राहतो. इथं बरेच जण खोबरेल घेऊन फसतात. खोबरेलातल्या मेदाम्लांच्या साखळ्या आखूड, मुख्यतः १२ कार्बनच्या. त्यांचा साबण एवढ्या मिठाला सहज दाद देत नाही. त्याला समुद्राच्या पाण्यातही फेस येतो. प्रयोग बिघडला असं समजू नका, दोन्ही तेलं शेजारी शेजारी करून दाखवा.

आम्लाला दोन मिनिटं पुरतात. १ ग्रॅम किसलेला आंघोळीचा साबण १०० मिली कोमट डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवा. वेष्टनावर टीएफएम (साबणातलं एकूण मेदाचं प्रमाण) ७६ टक्के छापलेला साबण निवडा. नुसतं ‘बेदिंग बार’ लिहिलेल्या वडीत डिटर्जंट मिसळलेलं असू शकतं. द्रावणात लिंबू पिळलं की ते दुधाळ होतं, कारण मेदाम्ल सुटं होऊन बाहेर पडतं. भांडी घासायच्या लिक्विडवर हाच प्रयोग करा, काही होत नाही. (जाहिरातीत लिंबाचं एवढं कौतुक असतं, आत साबण असता तर लिंबानंच त्याचा घात केला असता.)

जास्त वेळ द्यावा तो जड पाण्याला. मुलांना घरून पाणी आणायला सांगा: नळाचं, बोअरचं, विहिरीचं, जून-जुलै असेल तर पागोळीचं. परीक्षानळीत १० मिली पाणी घ्या, साबणाच्या द्रावणाचा एकेक थेंब टाकत हलवा आणि दोन मिनिटं टिकणारा फेस यायला किती थेंब लागले ते लिहा. सोबत डिस्टिल्ड वॉटरची नळी ठेवा. बोअरच्या पाण्यात आधी पांढरा साका धरतो, फेस नंतर. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम संपेपर्यंत साबण वाया जातो. तेच पाणी दहा मिनिटं उकळून, गाळून परत मोजा. थेंब जितके कमी झाले, तितका जडपणा तात्पुरता होता. परीक्षानळ्या आधी डिटर्जंटनं धुतलेल्या असतील तर मात्र सगळे आकडे खोटे येतात. खळखळून धुवा, शेवटी डिस्टिल्ड वॉटरनं.

लिक्विडच्या द्रावणाला या सगळ्या पाण्यांत थेंबांचा फारसा फरक पडत नाही. लिंबू आणि बोअर, दोन्ही ठिकाणी कारण एकच: रेणूचं डोकं, म्हणजे पाण्याकडे ओढ असलेलं टोक. साबणाचं कार्बॉक्सिलेट हायड्रोजन आयन सहज उचलतं आणि कॅल्शियमशी न विरघळणारा क्षार करतं. डिटर्जंटचं सल्फोनेट प्रबळ आम्लाचं, ते हायड्रोजनला धरून बसत नाही. त्याचा कॅल्शियम क्षारही नेहमीच्या जड पाण्यात एवढा साकळत नाही. शेपूट दोघांचं तेच, हायड्रोकार्बनचं.

तुलनेला कपड्यांची पावडर घेऊ नका. तिच्यात धुण्याचा सोडा असतो. तो बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपानं खाली बसवतो, पाणी गढूळ होतं आणि मुलं लिहितात, ‘डिटर्जंटचाही साका होतो.’ हळदीचा कागद पावडरनं लाल होतो, तोही या सोड्यामुळे. तयार केलेल्या साबणात कॉस्टिक उरला का, हे फिनॉल्फ्थॅलिननं (अल्कलीत गुलाबी होणाऱ्या दर्शकानं) बघायचं असेल तर साबण स्पिरिटमध्ये विरघळवा. पाण्यात चांगला साबणसुद्धा अल्कधर्मी होतो आणि गुलाबी रंग देतो.