डावखुऱ्या मुलीची स्टिक

नमस्कार श्रोतेहो.

माझी मुलगी डावखुरी आहे. लिहिते डाव्यानं, बॅडमिंटन खेळते डाव्यानं, आणि ताटावर डावा हात गेला की तिची आजी अजूनही खाकरते. गेल्या जूनमध्ये तिचं नाव शाळेच्या हॉकी संघात लागलं. वय 11. सरांनी चिठ्ठी दिली: स्टिक, शिन गार्ड, माउथगार्ड, बूट. आम्हा नवराबायकोला हॉकीतलं एवढंच कळायचं की ऑलिंपिकचं पदक आलं की पेढे आणायचे. तेव्हा चिठ्ठी घेऊन मी पुण्यातल्या एका मोठ्या दुकानात गेले. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. एसी, काचेचं दार, क्रिकेटच्या बॅटी भिंतभर. हॉकी स्टिक मात्र कोपऱ्यातल्या एका पिंपात, ओल्या छत्र्या ठेवाव्यात तशा.

काउंटरवरच्या मुलानं विचारलं, "मॅडम, बजेट किती?" खेळणारी शेजारी उभी होती, तिच्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. मीच म्हटलं, मुलगी डावखुरी आहे बरं का. तो आत गेला, कोणाशी तरी बोलला आणि परत आला. "लेफ्टीची स्टिक मागवावी लागेल. पंधरा दिवस. हजार रुपये ॲडव्हान्स." मला तर बरंच वाटलं. म्हटलं, बघा, किती काळजीनं चौकशी केली! पैसे दिले, पावती घेतली.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं तर ते आधी हसले आणि मग त्यांनी आपली स्टिक माझ्या हातात दिली. तिची डावी बाजू सपाट, उजवी गोल. चेंडू खेळायचा तो सपाट बाजूनं किंवा कडेनं, गोल बाजू लागली की फाउल. आणि नियमात बसणारी प्रत्येक स्टिक अशीच असते. म्हणजे डावखुऱ्यांची वेगळी स्टिक घेऊन सामन्यात उतरताच येत नाही. डावा हात वर, उजवा खाली, सगळ्यांना सारखंच. क्रिकेटच्या ग्लोव्हजसारखा हा मामला नाही.

मी परत दुकानात. "मॅडम, ऑर्डर गेली. ॲडव्हान्स परत मिळत नाही, पावतीवर छापलंय." छापलं होतं खरं, मुंगीच्या अक्षरात. दोन हेलपाटे झाले, थोडा आवाज चढला, तेव्हा मॅनेजर म्हणाले, पैसे नाहीत, त्या रकमेची वस्तू घ्या. मी बूट घेतले. मापाचे नव्हतेच, एक नंबर मोठे निघाले. लेक अजून दोन-दोन मोजे घालून ते वापरते आणि बूट घालताना दर वेळी माझ्याकडे बघते.

तेव्हा मी गप्प बसले, कारण मला माहीतच नव्हतं. नंतर शोधून वाचलं. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झालाय. सदोष माल परत न घेणं, त्याचे पैसे न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर 30 दिवसांत पैसे परत करायला हवेत. बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच. आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे 1915. एक नऊ एक पाच. मला तो तेव्हा ठाऊक असता तर बूट तरी मापाचे आले असते.

मग सरांनीच कॅम्पातलं एक दुकान सांगितलं. दुकान म्हणजे काय, आठ फुटांचा गाळा. मालकांना सगळी पोरं चाचा म्हणतात. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी मुलीला विचारलं, "बेटा, मातीवर खेळतेस की टर्फवर?" ती म्हणाली, शाळेत मुरमावर, रविवारी नेहरूनगरच्या टर्फवर. "कुठे खेळतेस? फॉरवर्ड? हाफ?" तिला कोणीतरी पहिल्यांदाच असं खेळाडूसारखं विचारत होतं. ती एकदम ताठ झाली.

तिला आवडली होती गुलाबी स्टिक. चाचांनी ती तिच्या डाव्या हातात दिली आणि म्हणाले, हात समोर सरळ धर, दहापर्यंत मोज. साताला स्टिक थरथरायला लागली. त्यांनी काही न बोलता दुसरी दिली, 34 इंची, कंबरेच्या हाडाशी लावून बघितली. ती दहाच्या पुढेही स्थिर राहिली. नियमानं स्टिक 737 ग्रॅमपर्यंत चालते, "पण नियम हात बघत नाही," चाचा म्हणाले. मी जरा ऐटीत म्हटलं, कार्बनची दाखवा ना, चांगली असते म्हणे. तर म्हणाले, "ताई, कार्बन जास्त तेवढी स्टिक कडक. फटका जोरात जातो, पण लहान पोरांच्या हातून चेंडू अडत नाही, उसळतो. आणि मुरमावर महागाची स्टिक खालून खरवडून जाते. दोन वर्षांनी या." शंभर-दोनशेचा नव्हे, चांगला तीन हजारांचा गल्ला त्यांनी स्वतःहून सोडला.

मग मी भीतभीतच डावखुरेपणाचं सांगितलं. चाचा खूश! म्हणाले, हॉकीत स्टिक फिरवतो तो वरचाच हात. चेंडू इकडून तिकडे, सुलट उलट, सगळं मनगट डाव्या हाताचं. "हिचा चांगला हात आधीच वर आहे." त्या दिवसापासून आजीनं खाकरलं की लेक हे वाक्य ऐकवते.

दुकानात मागे एक बाकडं आहे, तिथे चाचा जुन्या स्टिकना ग्रिप बसवतात. बऱ्याचशा जालंधरच्या, काही जुन्या लाकडी, तुतीच्या. फाळणीनंतर सियालकोटचे कारागीर जालंधरला आणि मेरठला आले, तेव्हापासून हा धंदा तिथला. जवळच खडकी. तिथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या मैदानावर धनराज पिल्ले लहानपणी मोडक्या स्टिकनी खेळले आणि पुढे 4 ऑलिंपिक खेळून आले. म्हणून असेल, पण चाचा कुठलीही स्टिक टाकून द्या असं चटकन म्हणत नाहीत.

सगळंच गोड होतं असं नाही हं. कार्ड चालत नाही, सुट्टे नसले की चाचा कुरकुरतात, आणि भारताची मॅच असली की शटर खाली. त्या दिवशी बिलही दिलं नाही, आणि मी मागितलं नाही. माणूस आवडला की आपण बिल मागायला लाजतो.

आठवड्यात शिन गार्डचा पट्टा तुटला. बिल नव्हतं, चाचांनी विचारलंही नाही. मुलीकडे बघून "दे इकडे" म्हणाले आणि नवा जोड काढून दिला. नोव्हेंबरमध्ये मात्र आम्ही खालून खरवडलेली स्टिक घेऊन गेलो, तेव्हा साफ नाही म्हणाले. अंगठ्यानं ती कड चाचपली. "हा कंपनीचा दोष नाही, हा मुरूम आहे. अजून वर्षभर चालेल." फक्त ग्रिप बदलायला घेतली.

ग्रिपचे दीडशे रुपये झाले. या वेळी मी धीर करून म्हटलं, चाचा, बिल द्या. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं, खालच्या खणातून बिलबुक काढलं, कार्बन पेपर सरळ केला, पेन दोनदा झटकलं.

"नाव काय लिहू?"

मी माझं नाव सांगणार, तेवढ्यात लेकीनं स्वतःचं सांगितलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, अक्षर अक्षर सावकाश. चाचांनी तसंच लिहून घेतलं.

नमस्कार.