आठ पाखरं, तीन रात्री

मंडळी, संयोजकांनी विषय दिलाय 'मशीन लर्निंग आणि माझी वाटचाल'. वाटचाल लवकर आटपते. इथेच नागपुरात शिकलो, पुण्यात आठ वर्षं कर्ज कोण बुडवणार याचे अंदाज बांधले, कंटाळलो, परत आलो. सांगण्यासारखं आहे ते त्यानंतरचं, पाखरांचं.

२०१७ साली कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीनं विदर्भात काय केलं, हे गावाकडून आलेल्या मुलांना मी सांगायला नको. ही अळी एकदा बोंडात शिरली की वरून कितीही फवारा, औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून आधी तिच्या पाखरावर, म्हणजे अळीचा पुढे जो पतंग होतो त्याच्यावर, नजर ठेवायची. कामगंध सापळ्यातल्या ल्यूरला, म्हणजे आमिषाला, मादीसारखा वास असतो, त्या वासानं नर येतात आणि अडकतात. इथल्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचा हिशोब सरळ आहे: एका सापळ्यात रात्रीला आठ पाखरं, आणि तीही सलग तीन रात्री, मग फवारा. नाहीतर औषधाचे पैसे वाचवा.

रोज सकाळी मोजणार कोण? आम्ही म्हटलं, फोन मोजेल. सापळा कागदावर रिकामा करायचा, फोटो काढायचा, आकडा येईल. ऑफिसात पांढऱ्या कागदावर मॉडेल, म्हणजे फोटोंवरून मोजायला शिकवलेला प्रोग्रॅम, झकास चालायचं. मग हिंगण्याच्या पुढे एका शेतात गेलो. शेतकऱ्यानं सापळा कालच्या वर्तमानपत्रावर झटकला, फोटो काढला. आकडा आला एकतीस. कागदावर पाखरं होती सहा. बाकीची पंचवीस म्हणजे जाहिरातीतली काळी अक्षरं!

"भाऊ, हे पाखरं मोजून राहिलं का पेपर वाचून राहिलं?"

मी तिथेच धुऱ्यावर बसलो. पांढरा कागद कोणाच्या घरी असतो हो? त्या हंगामात आम्ही मॉडेलला हात लावला नाही, फोटो गोळा केले. वर्तमानपत्रावरचे, खताच्या पोत्यावरचे, तळहातावरचे, काढणाऱ्याच्या सावलीतले. तेच खरं काम. ते बायोडेटात लिहिता येत नाही, ही वेगळी अडचण.

दुसरी गंमत खुणा करण्याची. फोटोतल्या प्रत्येक पाखराभोवती चौकट आखायला आम्ही पोरं बसवली होती. एकदा शेतात निंदणाला आलेल्या एका मावशींनी लॅपटॉपात डोकावून विचारलं, "हे कायले धरलं? हे आपलं नव्हे." बरोबर होतं त्यांचं. सापळ्यात भलतेही किडे पडतात, आणि दोन दिवस पडून राहिलेल्या पाखराच्या पंखावरची भुकटी झडली की सगळेच सारखे दिसतात. मशीनला चूक शिकवत होतो आम्ही, मन लावून.

आता अचूकतेबद्दल, कारण मुलाखतीत तुम्हाला तेच विचारतात. समजा हंगामाच्या १०० दिवसांत फवारणीची वेळ फक्त ५ दिवस येते. रोज डोळे मिटून 'नका फवारू' म्हणणारं मॉडेल ९५ टक्के बरोबर ठरतं, आणि पऱ्हाटी हातची जाते. शिवाय चाळीसच्या जागी त्रेचाळीस मोजली तरी निर्णय तोच. सातच्या जागी नऊ मोजली तर हजारोंचं औषध शेतात जातं. म्हणून आम्ही सरासरी चूक बघणं सोडलं, आठच्या आसपास काय होतं तेवढंच बघितलं. तिथे शंका आली तर फोन आकडा देतच नाही, 'पुन्हा फोटो काढा' म्हणतो. साहेबांना हे आवडलं नव्हतं. त्यांना म्हणे डेमोत आकडा दिसायला हवा.

रेंजचा प्रश्न होताच. मॉडेलमधले ३२ बिटांचे आकडे ८ बिटांवर आणले, त्याचा आकार साधारण चौथाईवर आला आणि ते इंटरनेटशिवाय फोनवर चालायला लागलं. पुस्तकात मिळेल, पुढे जाऊ.

प्रश्नोत्तरांआधी एक काम. ही गेल्या ऑक्टोबरमधल्या सापळ्यातली पाखरं आहेत, वर्तमानपत्रावर. पहिल्या रांगेपासून फिरवा. प्रत्येकानं आपला आकडा चिठ्ठीवर लिहायचा. शेजारच्याचं बघू नका, आणि पंखा बंद करा कुणीतरी, उडतील.