काळ्या केसांचं मूळ

या चिनी औषधी मुळाचा काप जवळून बघा. मधोमध एक मोठं वर्तुळ आणि त्याच्या कडेने ढगांच्या पुंजक्यांसारखी लहान लहान वर्तुळं. मूळ अस्सल आहे का, हे चीनमधले जाणकार या नक्षीवरून ओळखतात.

मुळाचं नाव ह-शौ-वू. ‘ह’ हे आडनाव, ‘शौ’ म्हणजे डोकं, ‘वू’ म्हणजे काळं. ह घराण्यातल्या एका माणसाने हे मूळ खाल्लं आणि त्याचे केस पुन्हा काळेभोर झाले, अशी तांग राजवटीच्या काळापासूनची कथा आहे. अमेरिकेत हेच मूळ ‘फो-ती’ म्हणून मिळतं.

कच्चं मूळ रेचक आहे, पोट साफ करायला देतात. टॉनिकसाठी ते काळ्या सोयाबीनच्या रसात शिजवावं लागतं, तेही लोखंडाच्या भांड्यात नाही. जुने ग्रंथ सांगतात, नऊ वेळा वाफवा, नऊ वेळा उन्हात वाळवा. एवढा खटाटोप उगाच नव्हता. पण आज या मुळाच्या गोळ्या मिळतात, आणि बाटलीकडे बघून आत कच्चं आहे की शिजवलेलं, हे तुम्हाआम्हाला कळणार कसं?

आणि शिजवलेलंही पूर्ण निर्धोक नाही. चिनी वैद्यक ज्याला यकृताचं टॉनिक म्हणतं, त्यानेच काहींच्या यकृताला सूज येते. ब्रिटनच्या औषध नियामकांनी 2006 मध्ये तसा इशारा दिला. 2014 मध्ये खुद्द चीनने आरोग्यपूरकांसाठी रोजची मर्यादा घातली: कच्चं दीड ग्रॅम, शिजवलेलं 3 ग्रॅम. ज्यांना यकृताचा आजार आहे किंवा घरात कुणाला होता, त्यांनी ते घेऊच नये, असंही बजावलं. पुढे संशोधकांना एक जनुकीय खूणही सापडली. ती ज्यांच्यात असते, त्यांना धोका बराच जास्त. म्हणूनच शेजाऱ्याला सोसलं, ते तुम्हाला सोसेलच असं नाही. केस काळे होतात याला मात्र भक्कम पुरावा नाही, हे मला फार टोचतं.

त्रास लगेच दिसत नाही. काही आठवड्यांनी थकवा येतो, जेवण जात नाही, लघवी गडद होते, डोळे पिवळे दिसू लागतात. यातलं काहीही जाणवलं तर गोळ्या त्याच दिवशी बंद करा, डॉक्टरांकडे जा आणि बाटली सोबत न्या. ‘कोणती औषधं चालू आहेत?’ या प्रश्नाला लोक रक्तदाबाची गोळी सांगतात, ही सांगत नाहीत.

गोळ्या थांबवल्या की बहुतेक जण बरे होतात. काहींवर मात्र यकृत बदलायची वेळ आली, काही दगावले. बरं वाटल्यावर उरलेली बाटली पुन्हा उघडू नका. दुसऱ्या खेपेची कावीळ लवकर येते, आणि जोरात येते.